असलं कोण बोलतंय?

आमच्या घरात सिनेमा चालला की पडला हे गोष्टीवरून ठरत नाही. हिरो कसा दिसतो, गाणी कशी आहेत, शेवट गोड की कडू, हे सगळं नंतर. आधी कान. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडलं की आत्या निकाल देते. "असलं कोण बोलतंय गं?" म्हणाली की संपलं. मग सिनेमाला कितीही बक्षिसं मिळालेली असोत, ती मेथी निवडायला घेते आणि मान वर करत नाही.

पूर्वी मला ही तिची खोड वाटायची. आता ती मलाही लागलीय. बेळगावात, त्यातून शहापूरसारख्या भागात, माणूस दोन भाषा कानावर घेतच वाढतो. घरात मराठी, दारात कानडी, आणि बाजारात, बँकेत, दवाखान्यात जी जमेल ती. त्यामुळे ओढूनताणून बोललेलं वाक्य चटकन कानाला खुपतं. आणि आमची स्वतःची मराठी अशी, की पुण्याची पाहुणी आली की थोडा वेळ गोंधळून बघत राहते. आमच्याकडं बाया 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. लिहिताना मी 'बघते' लिहीन, पण आतून हाक आली तर तोंडातून 'आलो, आलो' हेच निघणार. इतक्या मालिका बघितल्या, पण एकही सून सासूला 'आलो आई' म्हणताना दिसली नाही. हे गाऱ्हाणं आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी मतं ह्याच कानानं बनलेली आहेत.

टीव्ही घरात आला तेव्हा आमच्या वाट्याला रात्री दिल्लीचं हिंदी आणि संध्याकाळी बंगळूरचं कानडी यायचं. मुंबई दूरदर्शन ही मुंबईच्या मामानं सुट्टीत येऊन सांगायची गोष्ट. तो 'गजरा'बद्दल सांगायचा आणि आम्ही त्याला 'चित्रमंजरी'तली कानडी गाणी म्हणून दाखवायचो. मराठी सिनेमा यायचा तो भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, नाहीतर गणपतीत गल्लीत बांधलेल्या पडद्यावर. 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी' आमच्या पिढीला पाठ आहेत ते त्यामुळं. कानडी सिनेमे मात्र घरबसल्या, फुकट आणि नेमानं. राजकुमारचा 'बंगारद मनुष्य' 1972 चा, आम्ही तो बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर बघितला. शहर सोडून गावात येऊन खडकाळ जमीन कसणारा माणूस. आप्पा म्हणायचे, "राजकुमारचं कानडी ऐकत जा, शाळेत मार्क पडतील." पडलेही. त्या माणसाचा एकेक शब्द असा सुटा आणि स्वच्छ यायचा, की लिहून घ्यावा. फक्त एक अडचण होती. बैलहोंगलकडनं भाजी घेऊन येणाऱ्या बाईपुढं मी ते कानडी बोलले की ती खो खो हसायची. शाळेत मार्क देणारं कानडी आणि भाजी देणारं कानडी वेगवेगळं आहे, हे मला तिच्या टोपलीपाशी कळलं. मराठीचंही तसंच आहे हे कळायला पुढं मालिका याव्या लागल्या.

त्या दिवसांत भाषेची ये-जा फार सहज होती, असं आता मागं वळून बघताना वाटतं. 1986 साली दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' लागायचं. कर्नाटकातलं गाव, पात्रं हिंदी बोलणारी, आणि तरी स्वामी आमच्याच गल्लीतला वाटायचा. ते करणारा शंकर नाग मूळचा होन्नावरकडचा, पण नाटकात घडला मुंबईत, मराठी रंगभूमीवर. '22 जून 1897' ह्या मराठी सिनेमाच्या लेखनात त्याचा हात होता. 1990 साली दावणगेऱ्याजवळ अपघातात गेला तेव्हा आमच्या गल्लीतल्या रिक्षांवर त्याचा फोटो लागला. त्याच मालिकेत स्वामीचे वडील झालेले गिरीश कार्नाड धारवाडकडं वाढलेले, आणि 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलचा नवरा. आमच्याकडं ह्याचं कुणाला काही वाटायचं नाही. नट आहे, दोन्हीकडं काम करतो, झालं.

खरं तर मुळापासूनच हे असं आहे. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 साली कोल्हापुरात प्रभातनं काढला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण कन्नडमधला पहिला प्रदर्शित झालेला बोलपट 'सती सुलोचना', 1934 चा, तोही कोल्हापुरातल्याच छत्रपती स्टुडिओत तयार झाला, हे सांगितलं की दोन्हीकडचे लोक माझ्याकडं संशयानं बघतात. मराठी माणसाला वाटतं मी कानड्यांची बाजू घेते, आणि कानडी माणसाला वाटतं मी कोल्हापूरचं घोडं पुढं दामटते. आमच्याकडं 1 नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाची फेरी निघते. सिनेमाचा इतिहासही मग कुठल्या तरी फेरीत उभा करावा लागतो. बंद पुकारला की थिएटरवरची दुसऱ्या भाषेची पोस्टरं आधी उतरतात, हे आम्हाला पावसाळ्याइतकं पाठ झालंय.

असो. माणसांकडं येते.

नटी सुलोचनाबाई निपाणीकडच्या, खडकलाटच्या. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या. 2023 च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर 'हिंदी सिनेमाची आई' असं चाललं होतं. मला ते जरा लागलं. त्या आई होण्याआधी 'वहिनींच्या बांगड्या'तली वहिनी होत्या, 1953 साली, आणि दहा वर्षांनी 'मोलकरीण'मधली आई. हिंदीत त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा डोळे पुसणं आलं. मराठीत त्यांना वाक्यं मिळाली. मला त्यांची थांबायची पद्धत आवडते. दुसरा बोलत असताना त्या खरंच ऐकतात. आता आपली पाळी कधी, असा भाव तोंडावर नसतो. आजच्या मालिकांत कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आपटतो, ढॅण ढॅण ढॅण वाजतं, पण समोरच्याचं कुणी ऐकत नाही.

अतुल कुलकर्णीचा जन्मही बेळगावचा, वाढला सोलापुरात. कन्नडमध्ये 'आ दिनगळु'त तो बंगळूरच्या गुंडगिरीच्या गोष्टीत आहे आणि मराठीत 'नटरंग'मध्ये आमच्या शेजारच्या कागलचा गुणा आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा 2010 च्या पहिल्याच दिवशी लागला. पैलवानाचा नाच्या होतो, ते शरीर बदलणं सगळ्यांनी वाखाणलं आणि ते होतंही तसंच. मला मात्र नाच्या होण्याआधीचा, दुसऱ्याच्या विहिरीवर आणि शेतात राबणारा गुणा जास्त खरा वाटतो. रिकाम्या वेळेत गडी जमवून कलापथक उभं करायची खटपट, कुणाच्या हातात पैसा नाही, प्रत्येकाला घरच्यांची भीती. ही बोलणी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मीटिंगसारखी आहेत. लावण्या सुरू झाल्या की सिनेमा देखणा होतो आणि जरासा लांब जातो. हे माझं मत आमच्या घरातही कुणाला मान्य नाही. गाणी लागली की सगळे आवाज वाढवतात.

'जोगवा'बद्दल मात्र माझं मन अजून धड होत नाही. बघायला बसते आणि मधेच उठते. यल्लम्माची सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात. आत्या दरवर्षी मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जायची, लहानपणी मलाही न्यायची. जोगुळभावीला उतरायचं, आंघोळ करायची, लिंबाचा पाला हातात घ्यायचा. कोल्हापूर-सांगलीकडनं आलेल्या एसटीच्या रांगा, ट्रकच्या हौद्यात बसलेल्या बाया, आणि भंडारा. डोंगरावर माणूस, बैल, दगड सगळं पिवळं. घरी आल्यावर परकराच्या शिवणीतून आठवडाभर हळद निघायची. त्या गर्दीत साडी नेसलेले, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेतलेले, चौंडक्यावर गाणारे जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, मी इतक्या जवळून बघितले होते की ते मला देवाच्याच घरचे वाटायचे. कुणाचा तरी मुलगा असेल, ह्याला कुणी विचारलं असेल का, असं काही मनात आलं नाही. आत्या त्यांच्या परडीत पीठ घालायची, पाया पडायची, मीही पडायचे.

मग 2009 साली 'जोगवा' आला. राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यांवर राजीव पाटील यांनी केलेला. केसात जट निघाली म्हणून सुलीला देवीला सोडतात. तायप्पाला साडी नेसवतात. उपेंद्र लिमयेला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा एक साधी गोष्ट लक्षात राहिली: त्या सिनेमातली गर्दी वाईट नाही. गावातली माणसं तायप्पाला छळायचं म्हणून छळत नाहीत. ती मनापासून पाया पडतात. मी पडायचे तशी. 1982 साली कर्नाटकानं देवदासी सोडायच्या चालीवर बंदीचा कायदा केला, त्यानंतरची आम्ही मुलं, आणि तरी आम्हाला ते चित्र पिवळं आणि सुंदरच दिसत होतं. आत्यानं हा सिनेमा एकदाच पाहिला. "असलं कोण बोलतंय" एकदाही म्हणाली नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "ते चौंडकं वाजिवणारं बरोबर वाजवित हुतं." पुढच्या वर्षी ती सौंदत्तीला गेलीच. परडीत पीठ घातलं की नाही, मी विचारलं नाही.

एक तक्रार तरी करतेच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची गाणी मराठीत होतात आणि कानडीतही, कधी कधी एकाच बाईच्या तोंडी, एकाच दमात. तो सरमिसळ आवाज 'जोगवा'त मला अजून हवा होता. अजय-अतुल यांचं संगीत उत्तमच आहे, त्यांनाही त्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण डोंगरावर पहाटे लाऊडस्पीकर नसताना जे ऐकू येतं ते कुठल्याच सिनेमात अजून आलेलं नाही.

'सैराट'वर सगळं लिहून झालंय, त्यामुळं मी फक्त दुसऱ्या भागाबद्दल बोलते. 2016 साली आम्ही तो बघितला तेव्हा मध्यंतरापर्यंत थिएटरात शिट्ट्या आणि नाच. मध्यंतरानंतर पोरं चुळबुळायला लागली. बाहेर पडताना सगळे एकच म्हणत होते, पहिला भाग भारी, दुसरा संथ. मला नेमका तोच भाग सगळ्यात आवडतो. आर्ची आणि परश्या हैदराबादेत उतरतात आणि भोवतालचं बोलणंच हरवतं. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवर फिरणारी, कुणाचं ऐकून न घेणारी ती पोरगी तिथं मुकी होते. तिचा सगळा रुबाब तिच्या बोलण्यात होता आणि ते बोलणं स्टेशनवर उतरताच कुचकामी झालं. मग ती पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, बरोबरच्या पोरीकडनं तेलुगू उचलते, हळूहळू सावरते. परश्या डोशाच्या गाडीवर. हे नागराज मंजुळे यांनी घाई न करता दाखवलंय. पोट भरायला परकी भाषा शिकणं म्हणजे काय, हे आमच्याकडं घरोघरी माहीत आहे. खानापूरची पोरं गोव्यात कोकणी शिकतात, इथली बंगळूरला जाऊन तिथलं कानडी नव्यानं शिकतात, लग्न होऊन चिक्कोडीकडं गेलेल्या माझ्या आक्काला सासरच्या चुलीपाशी कानडी आलं. पहिले काही महिने ती फोनवर नुसती रडायची. भाषा येईपर्यंत माणूस निम्मा होतो. 'सैराट'मध्ये ते निम्मेपण दिसतं, आणि म्हणून शेवट जो अंगावर येतो तो येतो. नुकतं कुठं त्यांचं बोलणं परत आलेलं असतं.

ह्याच सिनेमाचा पुढच्या वर्षी कन्नड अवतार आला, 'मनसु मल्लिगे'. दिग्दर्शक एस. नारायण, आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. मी उत्सुकतेनं बघितला. तीच मुलगी, तीच गोष्ट, पण करमाळ्याची धूळ नाही, आणि करमाळ्याच्या धुळीशिवाय आर्ची म्हणजे फक्त श्रीमंताची हट्टी पोरगी. मराठी 'सैराट' समजायला आमच्या शेजारच्या कानडी काकूंना अडचण आली नव्हती. कानडी 'मनसु मल्लिगे'त मात्र त्या कंटाळल्या. म्हणाल्या, हे आमचं कानडी नव्हे, बंगळूरचं आहे.

इथं एक कारण सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं. कन्नडमध्ये कितीतरी वर्षं दुसऱ्या भाषेतले सिनेमे आणि मालिका डब करून दाखवायला अघोषित बंदीच होती. 1960 च्या दशकापासून सिनेसृष्टीतल्या लोकांनी ती लावून धरली, राजकुमार त्यात पुढं होते. आपले कलाकार, आपले तंत्रज्ञ जगले पाहिजेत, हा मुद्दा. 2015 साली स्पर्धा आयोगानं ह्या बंदीविरुद्ध निकाल दिला, मग ती हळूहळू सैल झाली. पण तोवर सवय लागली होती: चांगली गोष्ट दिसली की डब करायची नाही, नव्यानं काढायची. त्यामुळं आमच्यासारख्यांना एकच गोष्ट दोनदा बघायला मिळते.

त्यातली सगळ्यात मोठी करमणूक झाली 'तुला पाहते रे'च्या वेळी. सुबोध भावे म्हणजे विक्रांत सरंजामे, मोठा उद्योगपती, आणि त्याच्या निम्म्या वयाची ईशा. 2019 च्या जुलैत मालिका संपली. आत्यानं अथपासून इतिपर्यंत बघितली, विक्रांतचं खरं रूप उघड झाल्यावर त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, ईशाच्या पुनर्जन्मावर नाक मुरडलं आणि विषय मिटवला. सप्टेंबरात कानडीवर 'जोते जोतेयली' सुरू झाली. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी आमच्याकडं यायच्या, कारण त्यांच्याकडं त्या वेळी मुलं क्रिकेट लावून बसायची. आर्यवर्धन पडद्यावर आला की काकू विरघळून जायच्या. किती शांत, किती सज्जन, किती श्रीमंत. आत्या शेजारी बसून अस्वस्थ. तिला पुढचं सगळं माहीत.

"मुंद एन आक्कैत्री, आक्कार?" काकू विचारायच्या. पुढं काय होणार?

आत्या आधी गप्प राहायची. मग एक दिवस तिला राहवेना. "त्ये माणूस चांगलं न्हवं," ती मराठीतच म्हणाली. काकूंना शब्द कळले, विश्वास बसला नाही. मग आत्यानं हातानं गळ्यापाशी खूण करून पहिल्या बायकोचं काय झालं ते सांगून टाकलं. काकू त्यानंतर चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या सरळ सोफ्यावर बसून म्हणाल्या, तुमच्या मराठीत तो तसा असेल, आमचा तसा नाही. आणि गंमत अशी की कानडी मालिका लांबली, 2023 पर्यंत चालली, वाटेत गोष्टीनं इतकी वळणं घेतली की शेवटी आत्यालाच काकूंना विचारावं लागलं, आता ह्यो कोण आणि?

दोन्ही मालिकांत एक गोष्ट मात्र अगदी सारखी होती. श्रीमंत घरातली माणसं स्वच्छ बोलतात आणि स्वयंपाकघरातला गडी बोलतो तो आमच्यासारखा.

हे माझं खरं दुखणं. मुंबईत मालिका लिहिणाऱ्याला विनोदी माणूस हवा असला की तो कोल्हापूरच्या खाली येतो. बंगळूरच्या सिनेमात विनोदी माणूस हवा असला की हुबळी-धारवाडच्या वर येतात. दोघांच्या मधे आम्ही. उत्तर कर्नाटकातला माणूस म्हणजे मोठ्यानं बोलणारा, भाकरी खाणारा, शहरात येऊन लिफ्टला घाबरणारा. हे कन्नड सिनेमात इतकं बघितलंय की काकूंना आता हसूही येत नाही. मराठीत 'तुझ्यात जीव रंगला' आली तेव्हा मला आशा वाटली होती. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रीकरण, राणादा पैलवान, नायक आणि तो आमच्या वळणाचं बोलणारा. सुरुवातीला बरं चाललं. पुढं बोलण्याची नुसती झालर उरली. वाक्य पुण्याचं, शेवटी एक 'की' शिवलेला. 'चालतंय की' मुंबईच्या पोरांच्या टी-शर्टवर आलं आणि राणा हळूहळू इतका भोळा झाला की पैलवान म्हणजे बिनडोक, ही जुनीच समजूत पक्की झाली. आमच्याकडचे पैलवान बघा एकदा. बोलण्यात कुणाला हार जात नाहीत.

आमच्या बोलण्याला प्रेमानं कागदावर उतरवलं ते पु. लं.नी. बेळगावात ते प्राध्यापकी करायला आले होते आणि इथले रावसाहेब त्यांना भेटले. त्या लेखात हसू आहे, भरपूर आहे, पण ते रावसाहेबांना खाली बसवून केलेलं नाही. रावसाहेब खोलीतले सगळ्यात मोठे गृहस्थ आहेत आणि त्यांचं मराठी चुकतं, दोन्ही एकाच वेळी. हे टीव्हीवाल्यांना का जमू नये, मला कळत नाही.

जमतं, हे 'कांतारा'नं दाखवलं. 2022 चा. 'केजीएफ'चं मी फार काही सांगणार नाही. डोकं दुखलं, दुसरा भाग तर कापूस घालून बघितला. 'कांतारा'तही आरडाओरडा आहे, नायक मला फारसा आवडत नाही, बाईला चिमटे काढणारा हिरो आता पुरे. पण ती माणसं कुंदापूरकडचं कानडी बोलतात, त्यांचं दैव म्हणजे गावचा देव, त्यांचा कोला म्हणजे दैव अंगात घेऊन नाचणं, त्यांच्या रेड्यांच्या शर्यतीचे चर, आणि बोलणं कुणालाही समजावून न सांगता. काकूंना निम्मं कळलं नाही. तरी शेवटी रिषभ शेट्टीच्या अंगात आलं तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि आत्यानंही. ज्या बोलण्याला बंगळूरच्या सिनेमात कुणी विचारत नव्हतं, त्या बोलण्यातल्या नटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आमच्या मातीत काय गोष्टींचा दुष्काळ आहे? संगोळ्ळी रायण्णा बैलहोंगल तालुक्यातला, कित्तूरच्या चन्नम्माचा माणूस, आणि त्याला 1831 साली फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, जिथं बाजारात आजही मराठी ऐकू येतं. त्याच्या समाधीवरचा वड बघायला दोन्ही भाषांचे लोक जातात. चन्नम्मावर 1961 साली सरोजादेवींचा सिनेमा आला, रायण्णावर 2012 साली दर्शनचा. दोन्हीत सगळे पुस्तकातल्यासारखे बोलतात. तलवार उपसली की भाषण. नंदगडच्या बाजारातला एखादा माणूस फाशीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याशी काय बोलला असेल, कुठल्या भाषेत बोलला असेल, ते लिहायला कुणी बसलेलं नाही.

माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो आणि इथं आला की मोबाईलवर रील काढतो. बेळगावची बायको, बेळगावचा रिक्षावाला, अर्धं मराठी अर्धं कानडी. लोकांना आवडतात, हजारोंनी बघतात. बोलणं अगदी आमचं, कुठंही खोट नाही. पण सगळी हसायचीच. परवा मला म्हणाला, "मावशी, तू फक्त भांड की. मी शूट करतो."

"मी काय जोकर हाय काय?" मी म्हटलं.

"अगं मग बघणार कोण?"

ह्यावर उत्तर म्हणून मी त्याला 'तिथी' लावून दिला. मंड्याकडच्या खेड्यातला सिनेमा, राम रेड्डी यांचा. शंभरी ओलांडलेला म्हातारा मरतो, त्याच्या दिवसकार्यापर्यंतचे दिवस, आणि त्याचा मुलगा गड्डप्पा, जो स्वतःच म्हातारा आहे आणि दाढी वाढवून नुसता फिरतो, कशाशी देणंघेणं नाही. नातू जमीन विकायला धावतोय, गड्डप्पा बिडी ओढतोय. सगळी गावातलीच माणसं, एकही शिकलेला नट नाही. पोट धरून हसायला येतं, पण बोलण्याला नाही, माणसाच्या वागण्याला. मला हेच त्याला दाखवायचं होतं.

भाचा अर्ध्यात झोपला. आत्या मात्र शेवटपर्यंत बसली. मंड्याचं कानडी तिला धड कळत नव्हतं, पण मेथी तिनं बाजूलाच ठेवली होती. सकाळी चहाच्या वेळी तिनं भाच्याला गाठून विचारलं, त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला ह्या कामाचे पैसे किती दिले असतील, आणि ते त्याच्याच हातात दिले की त्याच्या पोराच्या?